डांबरी कागदाच्या शाळेतला संप

फार्मव्हिल हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं बाजारपेठेचं गाव, प्रिन्स एडवर्ड काउंटीचं मुख्य ठिकाण. भोवती तंबाखूची शेती, गावात कोर्ट, दुकानं, चर्च आणि दोन हायस्कुलं: एक गोऱ्या मुलांसाठी, दुसरं कृष्णवर्णीय मुलांसाठी. हे दुसरं हायस्कूल १९३९ साली बांधलं गेलं. विटांची एकमजली इमारत, १८० विद्यार्थ्यांचा हिशेब धरून उभारलेली. बारा वर्षांत पटावरची मुलं साडेचारशेच्या वर गेली आणि इमारत होती तेवढीच राहिली.

काउंटीच्या शाळा मंडळाने यावर स्वस्तातला तोडगा काढला. मैदानात लाकडी सांगाडे रोवून लांबट शेड उभ्या केल्या आणि त्यांवर डांबर लावलेला जाड कागद ठोकला. पाऊस त्यातूनही आत येई. मग मुलं वर्गात छत्र्या उघडून बसत. हिवाळ्यात प्रत्येक शेडमध्ये एक शेगडी. तिच्या शेजारचा घामाघूम, तर भिंतीकडेचा अंगातला कोट न काढता कुडकुडत बसलेला. इतिहासाच्या शिक्षकांना सकाळी शाळेची बस चालवावी लागे, मग लाकडं गोळा करून शेगडी पेटवावी लागे, आणि त्यानंतर त्यांचा तास सुरू होई. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग भरत. कधी एखादा वर्ग उभ्या बसमध्येच घ्यावा लागे. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला या शेड म्हणजे कोंबड्यांची खुराडी वाटत, अशी आठवण तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी सांगून ठेवली आहे.

गोऱ्या मुलांच्या हायस्कुलात व्यायामशाळा होती, प्रयोगशाळा होती, जेवणाचा हॉल होता, आजारी मुलाला निजवायला खोलीसुद्धा होती. तिथली वापरून फाटलेली पुस्तकं आणि जुन्या झालेल्या बस इकडच्या शाळेला मिळत.

शाळेचं नाव होतं रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्या मराठी वाचकाला टस्कीगीची संस्था चांगलीच ओळखीची असते. बुकर टी. वॉशिंग्टन गेल्यावर १९१५ पासून पुढची वीस वर्षं ती संस्था ज्यांनी सांभाळली, ज्यांच्या कारकिर्दीत कार्व्हर तिथे काम करत होते, ते हे मोटन. त्यांचं बालपण प्रिन्स एडवर्ड काउंटीतच गेलं होतं. मातीतल्या कर्तबगार माणसाचं नाव शाळेला मिळालं होतं. त्या नावाला साजेशी शाळा मात्र द्यायची कुणाची तयारी नव्हती.

पालक गप्प बसले होते असं नाही. पालक-शिक्षक संघाचे लोक, मुख्याध्यापक बॉइड जोन्स आणि फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे तरुण धर्मोपदेशक एल. फ्रान्सिस ग्रिफिन हे महिनोन्‌महिने शाळा मंडळाच्या बैठकींना जात होते. जागा पाहतो आहोत, पैशांची सोय करतो आहोत, अशी उत्तरं घेऊन परत येत होते. शेवटी त्यांना सांगण्यात आलं की आता दर वेळी यायची गरज नाही, काही ठरलं की कळवू. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या शाळेत अकरावीला बार्बरा रोझ जॉन्स नावाची मुलगी होती. जन्म मार्च १९३५ चा, न्यूयॉर्कमधला; वाढली मात्र प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या शेतावर. आई वॉशिंग्टनला नौदलाच्या कचेरीत नोकरीला, त्यामुळे धाकट्या भावंडांची सकाळची आवराआवर बऱ्याचदा तिच्याकडे. स्वभावाने शांत. तिचे काका व्हर्नन जॉन्स अलाबामातल्या माँटगोमरी शहरात डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. हे अत्यंत परखड गृहस्थ. गोऱ्यांना सुनवायचेच, पण अन्याय निमूट सोसणाऱ्या आपल्याच मंडळींना त्याहून जास्त सुनवायचे. त्या चर्चमध्ये त्यांच्यानंतर जे आले त्यांचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. काकांच्या घरची पुस्तकं आणि काकांची जीभ, दोन्हींचा बार्बरावर परिणाम झाला होता.

एकदा तिने शाळेच्या अवस्थेबद्दल संगीताच्या शिक्षिका आयनेझ डेव्हनपोर्ट यांच्याजवळ तक्रार केली. बाईंनी उलट तिलाच विचारलं, मग तू काही करत का नाहीस? बार्बराला आधी वाटलं, बाईंनी आपल्याला उडवून लावलं. पण तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. पुढे एका सकाळी भावंडांना बसपर्यंत पोचवण्याच्या गडबडीत तिचा स्वतःचा डबा घरी राहिला. तो आणायला ती धावत परत गेली आणि बस निघून गेली. दुसऱ्या कुणाच्या गाडीची वाट पाहत ती रस्त्यावर उभी होती, तेव्हा गोऱ्या मुलांची बस समोरून गेली. अर्धी रिकामी. तिच्याच रस्त्याने, तिच्याच गावाकडे. ती थांबणार नव्हती, हे त्या मुलीला ठाऊक होतं. त्या रात्री तिने योजना आखायला घेतली, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे.

इथून पुढचे सहा महिने हा या हकिकतीचा सगळ्यात मोलाचा भाग, आणि नेमका तोच बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो. एका धाडसी मुलीने एके दिवशी भाषण केलं आणि शाळा उठली, असं सांगायला सोपं जातं. प्रत्यक्षात आधी माणसं निवडली गेली. कॅरी स्टोक्स ही विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, तिचा जुळा भाऊ जॉन स्टोक्स धावण्याच्या शर्यतीतला पटू, असे इतर मुलं ज्यांचं ऐकतील तेवढेच. मैदानाच्या बाकांवर त्यांच्या बैठका होत. घरी कुणी बोलायचं नाही, शिक्षकांना कळू द्यायचं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पावरून त्यांनी आपल्या कामाला ‘मॅनहॅटन प्रोजेक्ट’ असं सांकेतिक नाव दिलं होतं, असं जॉन स्टोक्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. मोठ्यांचे अर्जविनंत्यांचे मार्ग पूर्ण होऊ द्यायचे, त्यांना मधेच अडवायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. ते मार्ग बंद झाल्याची खात्री पटली तेव्हाच दिवस मुक्रर झाला.

सोमवार, २३ एप्रिल १९५१. सकाळी अकराच्या सुमारास मुख्याध्यापकांना फोन आला. आवाज दबका. शाळेतली दोन मुलं ग्रेहाउंड बसच्या स्थानकावर पोलिसांच्या कचाट्यात सापडली आहेत, लगेच या. जोन्स तातडीने निघाले. ते फाटकाबाहेर पडताच वर्गावर्गांत चिठ्ठ्या फिरल्या: सर्वांनी सभागृहात जमावं. खाली मुख्याध्यापक करत तशी ‘जे’ या एका अक्षराची सही. जॉन्स काय आणि जोन्स काय, अक्षर एकच.

सभागृह भरलं. पडदा बाजूला झाला आणि व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या ऐवजी बार्बरा आणि तिचे सोबती दिसले. बार्बराने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. काहींनी हरकत घेतली, तेव्हा तिने पायातला बूट काढला आणि लाकडावर जोरात आपटला. त्या आवाजानंतर सभागृह तिचं झालं. तिची धाकटी बहीण जोन समोर मुलांमध्ये बसली होती. घरात अबोल असणारी आपली बहीण तिथे उभी पाहून ती भीतीने खुर्चीत खाली सरकली, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं. बार्बराने मुलांना नवं काही सांगितलं नाही. शेड, शेगड्या, छत्र्या, बस हे सगळं त्यांना रोजचंच होतं. तिने एवढंच मांडलं की आपण एकत्र राहिलो तर आपल्याला शिक्षा करणं कुणाला जमणार नाही. तुरुंगात टाकतील अशी शंका निघाली, त्यावर साडेचारशे मुलं मावतील एवढा फार्मव्हिलचा तुरुंग मोठा नाही, असा हिशेब मांडला गेला. त्या वयातल्या पोरांनी कायद्याच्या बडग्याला दिलेलं हे उत्तर आजही वाचताना अभिमान वाटतो.

मुलं बाहेर पडली. फलक आधीच तयार होते. मुख्याध्यापक परतले, त्यांनी परत वर्गात जाण्याची विनवणी केली. त्यांची अडचण मुलांना कळत होती. कुणी त्यांचा अवमान केला नाही, पण कुणी ऐकलंही नाही.

त्याच दिवशी कॅरी स्टोक्स आणि बार्बरा जॉन्स यांनी राज्याच्या राजधानीला, रिचमंडला पत्र धाडलं. ते गेलं ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या देशव्यापी संघटनेच्या वकिलांकडे. आगाऊपणाबद्दल क्षमा मागून, परिस्थिती अशी आहे की तुमच्याकडे मदत मागण्यावाचून इलाज नाही, अशा आशयाचं ते पत्र आहे. त्यात रडगाणं कुठेच नाही.

या संघटनेच्या १९०९ च्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, त्या डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांचं आणि फार्मव्हिलचं जुनं नातं होतं. १८९७ च्या उन्हाळ्यात ते या गावात येऊन राहिले होते आणि घरोघरी फिरून इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची कमाई, घरं, व्यवसाय, शिक्षण यांची पाहणी त्यांनी केली होती. अमेरिकी सरकारच्या कामगार खात्याने ती १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या समाजशास्त्रीय पाहण्यांमध्ये तिला आद्य स्थान आहे. याच दुबॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. भारतातल्या अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यकच ठरतो, असं सांगून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. दुबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिलं. फार्मव्हिलच्या शाळकरी मुलांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. पण पाण्याच्या तळ्यापासून शाळेच्या चटईपर्यंत वेगळं बसवण्याचा अनुभव ज्या समाजाच्या आठवणीत ताजा आहे, त्याला डांबरी कागदाची शेड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागू नये.

२५ एप्रिलला ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोघे वकील दुसऱ्या एका खटल्याच्या कामाला जाताना वाटेत फार्मव्हिलला थांबले. हिल हे संघटनेचे प्रमुख वकील थरगुड मार्शल यांचे कायद्याच्या कॉलेजातले सहाध्यायी. मुलांची समजूत काढून त्यांना शाळेत परत पाठवायचं, असं मनाशी ठरवूनच दोघे आले होते. ग्रामीण भागात, शेतीवर आणि गोऱ्यांच्या उधारीवर जगणाऱ्या पालकांच्या जिवावर असा खटला लढवणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. पण चर्चच्या तळघरात मुलांशी बोलल्यावर त्यांचं मत बदललं. त्यांनी एक अट घातली. नवी इमारत मागण्याचा खटला संघटना आता लढवणार नव्हती. ‘वेगळं पण समान’ या १८९६ पासून चालत आलेल्या तत्त्वालाच कोर्टात आव्हान द्यायचं, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असूच नयेत अशी मागणी करायची. आणि त्याला पालकांची संमती हवी.

मुलांनी बरी शाळा मागितली होती. त्यांच्यापुढे आता सगळी व्यवस्थाच उलथण्याचा प्रश्न ठेवला गेला.

३ मेच्या रात्री फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च माणसांनी ओसंडून वाहत होतं. मोटन हायस्कूलच्या एका माजी मुख्याध्यापकांनी उठून सबुरीचा सल्ला दिला: एवढी मोठी मागणी पेलवणार नाही. सभा डळमळू लागली. तेव्हा बार्बरा पुन्हा उभी राहिली आणि तिने त्यांना भर सभेत उत्तर दिलं. ग्रिफिन यांनीही सगळं वजन मुलांच्या पारड्यात टाकलं. ज्याच्या अंगात या मुलांना पाठिंबा देण्याची धमक नाही तो माणूसच नव्हे, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते. पालकांनी सह्या केल्या. ७ मेला मुलं वर्गात परतली. २३ मे रोजी रिचमंडच्या संघीय न्यायालयात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. वादी म्हणून पहिलं नाव नववीतल्या चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिसचं होतं. म्हणून कायद्याच्या इतिहासात तो ‘डेव्हिस विरुद्ध काउंटी स्कूल बोर्ड ऑफ प्रिन्स एडवर्ड काउंटी’ या नावाने ओळखला जातो.

त्या वेळी या मुलांना शाबासकी मिळाली नाही. मिळाली ती झळ. शाळेच्या आवारात क्रॉस जाळला गेला. ही कु क्लक्स क्लॅनची धमकी देण्याची रीत. मुख्याध्यापक जोन्स यांचा संपाशी काही संबंध नसताना त्यांची नोकरी गेली. बार्बराच्या जिवाला धोका आहे असं वाटून घरच्यांनी तिला माँटगोमरीला काकांकडे पाठवून दिलं. ज्या शाळेसाठी तिने एवढं केलं, तिच्यात तिला शेवटचं वर्ष काढता आलं नाही.

रिचमंडच्या न्यायालयात १९५२ च्या फेब्रुवारीत सुनावणी झाली. राज्याची बाजू मांडायला खुद्द महाधिवक्ता लिंडसे आल्मंड उभे होते. तीन न्यायाधीशांनी एकमताने मुलांविरुद्ध निकाल दिला. सुविधा समान करा, पण शाळा वेगळ्याच राहतील. नव्या इमारतीला एकाएकी पैसा उपलब्ध झाला आणि १९५३ मध्ये नवं मोटन हायस्कूल सुरूही झालं. वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते एका खटल्याच्या धाकाने दोन वर्षांत झालं. हेच हवं होतं ना, आता दावा मागे घ्या, असा सूर निघाला. दावा मागे घेतला गेला नाही.

सर्वोच्च न्यायालयात हा खटला इतर चार ठिकाणच्या खटल्यांबरोबर ऐकला गेला. १७ मे १९५४ चा ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा निकाल जगाला माहीत आहे. सरकारी शाळांमधली वर्णभेदाची भिंत घटनाबाह्य ठरली. कॅन्सस, साउथ कॅरोलायना, डेलावेअर, राजधानी वॉशिंग्टन आणि व्हर्जिनिया या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला खटला एकच, फार्मव्हिलचा. पाचही खटल्यांतल्या वादींपैकी सुमारे तीन चतुर्थांश या एका काउंटीतले होते.

निकाल लागला म्हणून गोष्ट संपवणारे लेख पुष्कळ आहेत. प्रिन्स एडवर्ड काउंटीत सगळ्यात वाईट काळ त्यानंतर आला. व्हर्जिनियाच्या सत्ताधाऱ्यांनी निकालाला ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हणजे सर्वशक्तीनिशी विरोध पुकारला. टाळाटाळ करत पाच वर्षं काढली, आणि १९५९ मध्ये न्यायालयाने शाळा एकत्र करण्याचा थेट आदेश दिल्यावर काउंटीच्या कारभाऱ्यांनी शाळांना पैसा देणंच नाकारलं. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी तातडीने ‘प्रिन्स एडवर्ड अकॅडमी’ ही खासगी शाळा निघाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच निघालं नाही. खासगी शाळेचा खर्च न झेपणाऱ्या काही गरीब गोऱ्या मुलांचंही शिक्षण सुटलं.

हे पाच वर्षं चाललं. ज्या घरांना शक्य झालं त्यांनी मुलं नातेवाइकांकडे, दुसऱ्या काउंटीत, दुसऱ्या राज्यात पाठवली. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने काही डझन मुलांची उत्तरेकडच्या अनोळखी कुटुंबांत राहण्याची सोय केली. चर्चच्या तळघरांत बायकांनी अक्षरओळखीचे वर्ग घेतले. उरलेली मुलं तंबाखूच्या शेतात मजुरीला गेली, आणि त्यांतली कितीतरी शाळेत परत आलीच नाहीत. १९६३ मध्ये केनेडी सरकारच्या प्रयत्नांनी, देणग्यांच्या पैशांवर ‘फ्री स्कूल’ सुरू झाल्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची मुलं पहिल्यांदा शाळेची पायरी चढली. २५ मे १९६४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला सरकारी शाळा उघडायला लावल्या. त्या खटल्याला नाव होतं ग्रिफिन यांचं; धर्मोपदेशकांची स्वतःची मुलं त्यात वादी होती. या सगळ्या वर्षांत गावातली ग्रिफिन यांची पत बंद झाली होती, घेणेकरी दारात होते. ते गाव सोडून गेले नाहीत.

म्हणजे १९५१ च्या संपाची किंमत ज्यांनी मोजली त्यांतले बरेच जण संपाच्या दिवशी पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते. पुढच्या सन्मानांचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये.

बार्बरा पुढे काही काळ अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात शिकली, लग्न केलं, मुलं वाढवली, फिलाडेल्फियात स्थायिक झाली, शाळेत ग्रंथपाल झाली. १९७९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाची पदवी घेतली तेव्हा ती ४४ वर्षांची होती. आपण काय केलं हे ती सांगत फिरली नाही. १९९१ मध्ये कर्करोगाने ती गेली.

मान्यता आली ती त्यानंतर, आणि तीही आपसूक नाही. १९९५ मध्ये जुनी मोटन शाळा बंद झाली तेव्हा ती विकली जाण्याची चिन्हं होती. तिच्यासाठी उभ्या राहिल्या त्या मार्था ई. फॉरेस्टर कौन्सिल ऑफ विमेन या मंडळाच्या स्त्रिया. १९२० पासून चालत आलेलं हे कृष्णवर्णीय स्त्रियांचं मंडळ; मुळात काउंटीत या मुलांसाठी हायस्कूल हवं म्हणून झगडणाऱ्यांत हेच मंडळ पुढे होतं. त्यांनी निधी जमवून इमारत वाचवली. १९९८ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली आणि संपाला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, २३ एप्रिल २००१ रोजी, तिथे संग्रहालय सुरू झालं.

मग एकामागून एक दारं उघडत गेली. २००८ मध्ये रिचमंडला राज्य विधिमंडळाच्या आवारात नागरी हक्कांचं स्मारक उभं राहिलं. त्यात बार्बरा आणि तिचे सोबती आहेत, हिल आणि रॉबिन्सनही आहेत. २०१७ मध्ये रिचमंडमधल्या एका सरकारी इमारतीला बार्बरा जॉन्सचं नाव दिलं गेलं. त्या इमारतीत कचेरी आहे राज्याच्या महाधिवक्त्याची, म्हणजे ज्या पदावरच्या माणसाने १९५२ मध्ये या मुलांविरुद्ध युक्तिवाद केला होता, त्याच पदाची.

सगळ्यात मोठा बदल वॉशिंग्टनला झाला. अमेरिकी संसदेच्या वास्तूत प्रत्येक राज्याला आपल्या दोन व्यक्तींचे पुतळे ठेवता येतात. व्हर्जिनियाने १९०९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन आणि रॉबर्ट ली यांचे पुतळे दिले होते. ली हे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सरसेनापती. एप्रिल १८६५ मध्ये त्यांचं हरलेलं सैन्य माघार घेत याच प्रिन्स एडवर्ड काउंटीतून गेलं होतं, आणि शरण या असं पहिलं पत्र जनरल ग्रँट यांनी त्यांना लिहिलं ते फार्मव्हिलमध्ये बसून. डिसेंबर २०२० मध्ये ली यांचा पुतळा संसदेतून हलवण्यात आला. त्या जागेसाठी राज्याने नाव निवडलं बार्बरा जॉन्सचं. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण झालं. शिल्पकार स्टीव्हन वाइट्झमन यांनी तिला सोळा वर्षांचीच दाखवली आहे, हात उंचावलेला, हातात जीर्ण पुस्तक. ज्यांचे पुतळे तिथे आहेत त्यांत सेनापती, अध्यक्ष, राज्यपाल मोप. शाळकरी वयातली हेलन केलर अलाबामाने आधीच पाठवली आहे. आता व्हर्जिनियाच्या वतीने देशाच्या पहिल्या अध्यक्षांच्या बरोबरीने उभी आहे अकरावीतली विद्यार्थिनी.

या गौरवाने आनंद व्हावा असंच ते आहे. तरीही पुतळा एकाच व्यक्तीचा होतो, आणि फार्मव्हिलचा संप साडेचारशे जणांचा होता. विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून पत्रावर सही करणारी कॅरी, दबक्या आवाजात फोन करणारा मुलगा, चिठ्ठ्या पोचवणारे, भीतीने खुर्चीत सरकलेली आणि तरी उठून बहिणीमागे गेलेली जोन, दाव्याला नाव देणारी डोरोथी, शेतावरची नोकरी जाईल हे जाणूनही सही करणारे आईबाप. शाळांमधून आज ‘नेतृत्वगुण’ म्हणून बक्षिसं देतात तेव्हा बहुधा व्यासपीठावर बोलणाऱ्या मुलाकडे पाहिलं जातं. बार्बराचं भाषण काही मिनिटांचं होतं; त्याआधीचं सहा महिन्यांचं काम मैदानाच्या बाकांवर झालं होतं आणि त्यात मौन पाळणाऱ्यांचा वाटा बोलणाऱ्यांइतकाच होता.

आणि ज्यांनी किंमत मोजली त्यांचं काय? हा प्रश्न गावाच्याच वर्तमानपत्राने विचारला, ही विशेष गोष्ट. ‘फार्मव्हिल हेरल्ड’ने १९५० च्या दशकात शाळा एकत्र करण्याला कडवा विरोध केला होता. त्याच पत्राचे पुढच्या काळातले संपादक केन वुडली यांनी नव्या शतकात आपल्या अग्रलेखांतून मागणी लावून धरली की ज्यांच्या शाळा सरकारने बंद केल्या त्यांना सरकारने शिक्षण परत द्यावं. २००३ मध्ये राज्य विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला. त्याच वर्षी, ज्यांना ते कधी मिळालं नव्हतं अशा माजी विद्यार्थ्यांना हायस्कूलचं मानद प्रमाणपत्र समारंभपूर्वक देण्यात आलं. २००४ मध्ये ‘ब्राउन’ शिष्यवृत्तीचा कायदा झाला. जॉन क्लूगी या उद्योगपतींनी दहा लाख डॉलर दिले, तेवढीच भर राज्याने घातली. शाळाबंदीत शिक्षण सुटलेल्या कुणालाही, वय काहीही असो, शालान्त परीक्षेच्या तयारीपासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंतचा खर्च त्यातून मिळू लागला.

अर्ज आले ते पन्नाशी-साठीतल्या माणसांचे. ट्रक चालवणारे, कारखान्यात आयुष्य काढलेले, आजी-आजोबा झालेले. काहींना सुरुवात वाचायला शिकण्यापासून करावी लागली. काहींनी नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर कॉलेजच्या वर्गात बसून पदव्या घेतल्या. त्यांच्यापैकी कुणी संपात नव्हतं. संप झाला तेव्हा ते हायस्कूलच्या वयाचेच नव्हते. तरी त्या संपाने मागितलेली गोष्ट, बसायला धड वर्ग आणि शिकवायला मास्तर, त्यांच्या वाट्याला अशी, शाळांना कुलूप लागल्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आली, आणि त्यांनी ती घेतली.